अर्ध्या गुणाचा ताळेबंद

माझी सगळी नोकरी बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. त्यामुळे कुठलाही तक्ता समोर आला की नजर आधी खालच्या बेरजेवर जाते आणि मग एकेक नोंद तपासत वर चढते. फॉर्म्युला वनच्या जगज्जेतेपदाचे तक्ते मी असेच वाचतो. माझ्या पुतण्याला हा प्रकार पटत नाही. काका शर्यत बघत नाहीत, खतावणी बघतात, असं तो घरी आलेल्या मित्रांना सांगतो. बघतो बुवा. गाडी ताशी तीनशेनं गेली हे टीव्हीवर कुणालाही दिसतं. पण विजेतेपद ज्या एका गुणावर अडलं होतं, तो गुण कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेला हे खतावणीतच सापडतं.

१९८४ चं पान घ्या. निकी लाउडा ७२, अलाँ प्रॉस्ट ७१.५. दोघेही मॅक्लारेन संघाचे, गाड्या सारख्याच. प्रॉस्टनं सात शर्यती जिंकल्या, लाउडानं पाच. आता, पहिल्याला ९ गुण, दुसऱ्याला ६, मग ४, ३, २, १ अशी तेव्हाची रीत. यात अर्धा कुठून आला?

आला मोनॅकोहून. ३ जून १९८४ ला तिथं धो धो पाऊस होता. प्रॉस्ट पुढे होता आणि मागून टोलमनच्या दुय्यम गाडीत बसलेला आयर्टन सेना नावाचा नवखा ब्राझिलियन दर फेरीला अंतर तोडत येत होता. शर्यत थांबवा, असं प्रॉस्ट हातानं खुणावत होता. शर्यतप्रमुख जॅकी इक्स यांनी लाल झेंडा दाखवला आणि ३१ फेऱ्यांचा निकाल धरला गेला. ठरलेल्या अंतराचा पाऊण हिस्साही झाला नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे सगळ्यांना निम्मे गुण. प्रॉस्टला जिंकून ९ ऐवजी साडेचार मिळाले. लाउडा तर त्याआधीच घसरून बाहेर पडला होता. इक्स हे पोर्शेचे चालक आणि मॅक्लारेनचं इंजिनही पोर्शेनंच बनवलेलं, तेव्हा प्रॉस्टवर मेहेरबानी झाली अशी कुजबुज पुष्कळ झाली. पण त्या मेहेरबानीचा हिशेब मांडून बघा. शर्यत पुरी झाली असती आणि सेनानं प्रॉस्टला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या क्रमांकाचे सहा मिळून प्रॉस्टची बेरीज ७३ झाली असती. म्हणजे तो मोनॅकोत हरला असता तर जगज्जेता झाला असता.

एका गुणानं किंवा त्याहून कमी फरकानं निकाली निघालेले असे नऊ मोसम आहेत: १९५८, १९६१, १९६४, १९७६, १९८१, १९८४, १९९४, २००७ आणि २००८. दडपणाखाली खरा वाघ कोण, हा वाद घालायचा तर या नऊ पानांवर घालावा. माझं मत पुतण्याच्या टोळीला रुचत नाही, तरी सांगतो. शेवटचा गुण बहुतेक वेळा जगज्जेत्याच्या कर्तबगारीतून आलेला नसतो. कधी तो दुसऱ्याच्या हातून निसटतो, कधी दुसरा तो आपण होऊन सोडतो. जगज्जेत्यानं त्या वेळी जागेवर असावं लागतं, एवढंच. आणि ते ‘एवढंच’ भल्याभल्यांना जमलेलं नाही.

यातलं सगळ्यांत जुनं पान १९५८ चं, आणि माझ्या लेखी सगळ्यांत देखणं. स्टर्लिंग मॉस व्हॅनवॉल गाडीत, माइक हॉथॉर्न फेरारीत, दोघेही इंग्रज. तेव्हा जिंकणाऱ्याला ८, दुसऱ्याला ६, आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला वरती एक. २४ ऑगस्टला पोर्तुगालच्या पोर्टो शहरात शर्यत झाली, गावातल्या रस्त्यांवरच. मध्ये ट्रामचे रूळ आणि दगडी फरसबंदी. मॉस जिंकला. हॉथॉर्न दुसरा आला आणि वेगवान फेरीचा जादा गुणही त्यालाच. मात्र शेवटच्या फेरीत त्याची गाडी गरगरून बंद पडली होती आणि ती चालू करायला त्यानं उतारावरून ढकलली होती, शर्यतीच्या उलट दिशेनं. उलट दिशा म्हणजे बाद. अधिकारी त्याला बाद करायच्या बेतात असताना मॉस त्यांच्यापुढे साक्षीला उभा राहिला: गाडी ढकलली तेव्हा ती फुटपाथवर होती, शर्यतीच्या रस्त्यावर नव्हती, हे मी स्वतः पाहिलं. हॉथॉर्नचे सात गुण वाचले.

ऑडिटमध्ये आम्ही साक्षीवर सहसा विसंबत नाही, कागद मागतो. पण स्वतःच्या नुकसानीची साक्ष माणूस खोटी कशाला देईल?

मोसमाची अखेर १९ ऑक्टोबरला मोरोक्कोत, कासाब्लांकाजवळच्या ऐन-दियाबला झाली. मॉसनं तिथं हातात होतं ते सगळं केलं. शर्यत जिंकली, वेगवान फेरीही मारली. हॉथॉर्नला दुसरं यावं लागणार होतं आणि पुढे त्याचाच सहकारी फिल हिल होता. हिलनं वेग कमी करून त्याला पुढे जाऊ दिलं. हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसचे विजय चार, हॉथॉर्नचा एक. अकरा शर्यतींपैकी प्रत्येकाचे सर्वोत्तम सहा निकाल धरायचे असा नियम होता. मी हॉथॉर्नच्या पानावरून पोर्टोचे सात खोडून पाहिले. वगळलेल्या निकालांतला सर्वांत चांगला, अर्जेंटिनातला चार गुणांचा, त्याच्या जागी धरला तरी तो ३९ वर थांबतो. मॉसनं साक्ष दिली नसती तर मॉस जगज्जेता होता. तो पुढे कधीच झाला नाही. हॉथॉर्ननं लगेच शर्यती सोडल्या आणि २२ जानेवारी १९५९ ला गिल्डफर्डजवळच्या साध्या रस्त्यावर स्वतःची गाडी चालवताना अपघातात गेला.

कासाब्लांकात मॉसचा तरुण सहकारी स्टुअर्ट लुईस-इव्हान्स पेटत्या गाडीत भाजला आणि सहा दिवसांनी वारला. त्याचे व्यवहार पाहणारा मॅनेजर होता बर्नी एक्लस्टन. हे नाव समासात टिपून ठेवा.

१९६१ च्या पानावर मला फारसं थांबवत नाही. इटलीत मोंझाला फेरारीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स ३३ गुणांवर आणि त्याच संघाचा फिल हिल २९ वर, अशी सुरुवात झाली. दुसऱ्याच फेरीत फॉन ट्रिप्सची गाडी जिम क्लार्कच्या गाडीला लागून प्रेक्षकांच्या कुंपणात गेली. तो गेला, त्याच्याबरोबर डझनाहून अधिक प्रेक्षक गेले. शर्यत चालूच राहिली. हिल जिंकला आणि नियमाप्रमाणे एक निकाल वगळून ३४ विरुद्ध ३३. तीन वर्षांपूर्वी कासाब्लांकात ज्यानं दुसऱ्यासाठी वाट सोडली तोच हा हिल. काही दिवसांनी त्यानं फॉन ट्रिप्सच्या शवपेटीला खांदा दिला.

१९६४ चं पान मात्र ऑडिटरची झोप उडवणारं आहे. ग्रॅहॅम हिल यांनी मोसमभरात ४१ गुण मिळवले, जॉन सर्टिस यांनी ४०. जगज्जेते सर्टिस! कारण पुन्हा तोच सर्वोत्तम सहा निकालांचा नियम. हिल यांचा सातवा निकाल, पाचव्या क्रमांकाचे दोन गुण, वजा झाला आणि ते ३९ वर आले. नियमामागचं कारण समजतं. त्या काळी गाड्या इतक्या मोडत की दोन-तीन शर्यती वाया जाणारच, त्याची शिक्षा चालकाला नको. पण कमावलेली रक्कम खात्यातून परत काढून घ्यायची ही पद्धत मला मान्य नाही. १९८८ मध्ये तर प्रॉस्टचे एकूण गुण १०५ आणि सेनाचे ९४ असताना धरलेल्या निकालांचे गुण ८७ आणि ९० झाले आणि पद सेनाला मिळालं. (सेनाचं त्यात खोटं काही नाही. निर्णायक सुझुका शर्यतीत सुरुवातीलाच त्याची गाडी बंद पडली, चौदावा झाला, तिथून वर येऊन त्यानं ती जिंकली. तक्ता काहीही म्हणो, दडपण असं झुगारणारा दुसरा मी पाहिला नाही.) १९९१ पासून हा नियम गेला.

तर १९६४. शेवटची शर्यत मेक्सिको सिटीत, पद तिघांपैकी कुणाचंही. हिल पुढे, मागे सर्टिस, त्यांच्या मागे जिम क्लार्क. क्लार्क पहिल्यापासून आघाडीवर होता आणि असाच जिंकला असता तर पदही त्याचंच होतं, पण शेवटच्या टप्प्यात इंजिनमधलं तेल गळून गाडी थांबली. हिल यांना आधीच फेरारीच्या लोरेन्झो बँडिनीनं वळणावर मागून ठोकर दिली होती, त्यात धुराची नळी दबली आणि गाडीचा जीव गेला. क्लार्क थांबताच फेरारीच्या पिटमधून बँडिनीला हातवारे झाले आणि त्यानं सर्टिसना दुसऱ्या जागेवर सोडलं. सहा गुण, ४० ची बेरीज, काम झालं. बँडिनीची ठोकर जाणूनबुजून होती असं हिल म्हणाले नाहीत. गंमत म्हणजे त्या शर्यतीत फेरारीच्या गाड्या लाल नव्हत्याच, निळ्या-पांढऱ्या होत्या, कारण एन्झो फेरारी तेव्हा इटलीच्या मोटार संघटनेवर रुसले होते. सर्टिस आधी मोटरसायकलचेही जगज्जेते. दोन चाकं आणि चार चाकं दोन्हीकडे हे साधलेला माणूस अजून तोच एक.

मग १९७६. यावर सिनेमाही निघाला, त्यामुळे कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण पान ठाऊक नसतं. ते पान कोर्टानं इतक्यांदा दुरुस्त केलं की माझ्याकडे आलं असतं तर मी सही केली नसती. स्पेनमध्ये जेम्स हंट जिंकला, गाडी १.८ सेंटिमीटर जास्त रुंद भरली म्हणून बाद झाला, जुलैत अपिलात विजय परत मिळाला. इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला जिंकला, सप्टेंबरअखेर तो विजय काढून लाउडाला दिला गेला. मधल्या काळात, १ ऑगस्टला, जर्मनीत नुर्बुर्गरिंगवर लाउडाची फेरारी पेटली. चार चालकांनी गाड्या थांबवून त्याला ओढून काढलं. फुप्फुसात विषारी धूर गेला होता, इस्पितळात पाद्र्यानं शेवटचे विधीही उरकले. सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, डोक्याच्या ओल्या जखमांवर हेल्मेट चढवून तो मोंझाला आला आणि चौथा आला. तीन गुण.

२४ ऑक्टोबरला जपानात फुजीला लाउडा ६८ आणि हंट ६५. पाऊस, धुकं, ट्रॅकवर तळी. सुरुवात लांबत लांबत गेली आणि शेवटी उजेड संपेल म्हणून शर्यत सुरू केली. दोन फेऱ्या करून लाउडा पिटमध्ये आला आणि उतरला. भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या, पाण्याच्या फवाऱ्यात पुढचं दिसत नव्हतं. फेरारीचे मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी यांनी इंजिन बिघडलं असं सांगूया म्हणून वाट काढून दिली, त्यानं ती घेतली नाही. मी थांबलो, असंच सांगायचं म्हणाला. निकाल लागण्याआधी तो विमानतळाकडे निघालाही होता.

तिकडे हंट आरामात पुढे होता आणि थोड्याच फेऱ्या उरल्या असताना त्याचा टायर गेला. पिटमधून बाहेर आला तेव्हा पाचवा. पाचव्याचे दोन गुण, म्हणजे ६७, म्हणजे लाउडा जगज्जेता. उरलेल्या फेऱ्यांत त्यानं दोघांना गाठलं, तिसरा आला, चार गुण, ६९. गाडीतून उतरला तो संघप्रमुखांवर ओरडतच, आपण हरलो या समजुतीत. त्यांनी तीन बोटं दाखवली तरी त्याला खरं वाटेना.

इथं पुतण्या म्हणतो, काका, बघा, हंटनं कमावलाच की! कमावलाच, मान्य. पण लाउडा गाडीत बसून राहिला असता आणि कसाबसा पाचवा आला असता तर ७० झाले असते. त्यानं ती नोंद स्वतःच्या हातानं कोरी सोडली आणि त्याचं कारणही खरं लिहिलं. पुढच्या वर्षी तो दोन शर्यती बाकी असतानाच जगज्जेता झाला आणि त्या दोन न खेळता फेरारी सोडून गेला.

आणि मग, फुजीनंतर आठ वर्षांनी, पोर्तुगालातलं एस्टोरिल. मध्ये तो निवृत्त होऊन परत आलेला, वय पस्तीस. सोबतीला सहा वर्षांनी लहान प्रॉस्ट, जवळजवळ प्रत्येक सरावात त्याच्याहून वेगवान. एका फेरीच्या वेगात याला हरवता येणार नाही हे लाउडानं लवकर ओळखलं आणि त्यापुढे पात्रता फेरीचा सोस सोडून शर्यतीसाठीच गाडी बसवू लागला. २१ ऑक्टोबर १९८४ ला लाउडा ६६ आणि प्रॉस्ट ६२.५. प्रॉस्ट जिंकला तर लाउडाला दुसरं यायलाच हवं होतं आणि तो अकराव्या जागेवरून सुटत होता. प्रॉस्ट पुढे निघून गेला. लाउडा एकेकाला ओलांडत तिसरा झाला, पण दुसरा नायजेल मॅन्सेल हाताला लागेना, इतका तो लांब होता. सत्तर फेऱ्यांच्या शर्यतीत बावन्नाव्या फेरीला मॅन्सेलचे ब्रेक गेले. ते ब्रेक लाउडानं घालवले नाहीत. पण ते गेले तेव्हा त्या जागी शिरायला तिसऱ्या क्रमांकावर उभा असलेला माणूस लाउडा होता, सातव्यावर नव्हता. माझ्या म्हणण्याला याहून चांगला दाखला मला देता येत नाही.

१९८१ चं पान त्या मानानं कमी वाचलं जातं, ते का कोण जाणे. अर्जेंटिनाचा कार्लोस रॉयटेमन ४९, ब्राझीलचा नेल्सन पिके ४८, आणि शेवटची शर्यत लास वेगासला सीझर्स पॅलेस हॉटेलच्या गाडीतळावर! रॉयटेमन सर्वांत पुढून सुटला आणि एकेक जागा देत आठवा आला. का, याचं समाधानकारक उत्तर त्यानं दिलं नाही. संघातला सहकारी अ‍ॅलन जोन्स त्याला मदत करील हे शक्यच नव्हतं. मार्चमध्ये रिओत जोन्सला पुढे जाऊ दे असा फलक पिटमधून दाखवला असताना रॉयटेमननं तो न जुमानता शर्यत जिंकली होती. पिके उन्हानं आणि मानेच्या दुखण्यानं अर्धमेला होऊन पाचवा आला. दोन गुण, ५० विरुद्ध ४९. गाडीतून बाहेर यायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

पण माझा लाल शेरा आहे तो फेब्रुवारीवर. त्या वर्षीची पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला झाली. रॉयटेमन पहिला, पिके दुसरा. संघांचे मालक आणि जागतिक संघटना यांच्यात तेव्हा गाड्यांच्या नियमांवरून आणि पैशांवरून भांडण पेटलं होतं, त्यात ही शर्यत अजिंक्यपदातून वगळली गेली. ती धरा: रॉयटेमन ५८, पिके ५६. मालकांच्या बाजूनं ते भांडण लढवणारा पुढारी कोण? बर्नी एक्लस्टन. आणि पिके ज्या ब्रॅबॅम संघाकडून खेळत होता त्या संघाचा मालक कोण? तोच.

१९९४ मध्ये अ‍ॅडलेडला मायकेल शूमाकर एका गुणानं पुढे होता. त्याची गाडी भिंतीला घासून परत रस्त्यावर आली, मागचा आत घुसू लागला, शूमाकर वळला आणि दोन्ही गाड्या आदळल्या. शूमाकर तिथंच संपला. दुसऱ्याची गाडी पिटपर्यंत पोचली, पण पुढच्या चाकाचा दांडा वाकलेला होता. ९२ विरुद्ध ९१. तो दुसरा म्हणजे डेमन हिल, ग्रॅहॅम हिल यांचा मुलगा. तीस वर्षांच्या अंतरानं बापलेक दोघेही शेवटच्या शर्यतीत ठोकर खाऊन एका गुणानं हरले. अधिकाऱ्यांनी अ‍ॅडलेडचा प्रकार सोडून दिला. तीन वर्षांनी हेरेसला शूमाकरनं तेच जॅक व्हिलनव्हवर करून पाहिलं, तेव्हा वर्षाच्या तक्त्यातलं त्याचं दुसरं स्थानच रद्द झालं. २००७ मध्ये मॅक्लारेनचे हॅमिल्टन आणि अलोन्सो आपसात भांडत १०९ वर थांबले आणि दोन शर्यती उरल्या असताना सतरा गुण मागे असलेला किमी रायकोनेन ११० करून गेला. ते पान एवढ्यावरच मिटतं.

२००८ ची शेवटची शर्यत आम्ही दोघांनी बसून पाहिली. ब्राझीलची दुपार म्हणजे आपल्याकडची रविवारची रात्र, निकाल लागेतो बारा वाजून गेले होते. फिलिपे मासा स्वतःच्या गावात, साओ पावलोत, जिंकला. फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याच्या घरच्यांनी नाचायला सुरुवात केली. लुईस हॅमिल्टनला पाचवा क्रमांक हवा होता आणि तो सहावा होता. पावसात कोरड्या रस्त्याचे टायर घेऊन धडपडणारा टिमो ग्लॉक शेवटच्या वळणावर त्याला सापडला. ९८ विरुद्ध ९७. पुतण्या मासाचा पक्षपाती, त्यानं रिमोट आपटला. नंतर पुष्कळांनी ग्लॉकला शिव्या घातल्या. त्याच्या त्या फेरीचा वेळ बघा. त्या टायरवर त्याला त्याहून वेगानं जाताच येत नव्हतं.

पुढच्या वर्षी उघड झालं की २८ सप्टेंबर २००८ ला सिंगापूरमध्ये रेनॉ संघाच्या चालकानं संघाच्या सांगण्यावरून गाडी मुद्दाम भिंतीवर घातली होती. चालकाचं नाव नेल्सन पिके, १९८१ च्या जगज्जेत्याचा मुलगा. मासा तेव्हा आघाडीवर होता, अखेरीस तेरावा आला, शून्य गुण. २०२४ मध्ये तो लंडनच्या कोर्टात गेला. ते प्रकरण २००८ मध्येच वरिष्ठांना कळलं होतं, तरी निकाल रद्द झाला नाही, ही त्याची तक्रार. प्रतिवादींत बर्नी एक्लस्टन आहेत. १९५८, १९८१, २००८. समासातली टीप आता इथं जुळवून घ्या.

पुतण्याला वाटतं मासाला ते पद मिळालं पाहिजे. मी त्याला सिंगापूरची नोंद फोड करून दाखवतो. त्या अपघातानं सेफ्टी कार आली आणि सगळे एकदम पिटमध्ये शिरले, हे खरं. पण मासा शून्यावर गेला तो पेट्रोलची नळी गाडीला अडकलेली असताना सुटल्यामुळे. नळी ओढत तो पिटच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. फेरारीनं त्या वर्षी गाडी सोडायला फलक धरणाऱ्या माणसाऐवजी दिव्यांची व्यवस्था केली होती, आणि नळी निघायच्या आत हिरवा दिवा लागला होता. पुढच्या शर्यतीपासून त्यांनी फलकवाला माणूस परत उभा केला.